हात बसायला दोन वर्षं

रसायनशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, जिन्यामागच्या लांबट खोलीत एक काचेची पेटी होती. कागदोपत्री तिला भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण सगळे तिला नुसतं 'पेटी' म्हणत, घरातल्या थोरल्या सुनेला सगळ्यांनी नुसतं 'वहिनी' म्हणावं तसं. पेटीत हवा नव्हती. हवेच्या जागी कोरडा, गरीब स्वभावाचा नायट्रोजन भरलेला होता, कारण आत राहणाऱ्या पदार्थांना हवेचं वावडं होतं. जरा झुळूक लागली की कुणी पेट घ्यायचं, कुणी काळं पडायचं, कुणी रुसून गंजून बसायचं. त्यामुळे त्यांच्याशी सगळा व्यवहार काचेआडून चाले. पेटीच्या दर्शनी काचेला दोन गोल भोकं होती. भोकांवर घट्ट बसवलेले दोन लांब, काळे, रबरी हातमोजे. त्यांत खांद्यापर्यंत हात घालायचे आणि बाहेर बसून आतला संसार करायचा. कुणी काम करत नसलं की आतल्या दाबानं हातमोजे फुगून बाहेर यायचे आणि रिकाम्या खोलीकडे हात पसरून राहायचे, 'कडेवर घे' म्हणणाऱ्या बाळासारखे.

विभागात एक वाक्य वर्षानुवर्षं चालत आलं होतं. "पेटीवर हात बसायला दोन वर्षं लागतात." नवख्याच्या हातून बाटली सुटली की कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून ते म्हणायचं. हे वाक्य मुळात थोरल्या सरांचं. विभाग त्यांनीच उभा केला. त्यांचा फोटो जिन्याच्या भिंतीवर होता. चेहरा थोडा धूसर आला होता, पण टेबलावर पसरलेला पंजा मात्र स्वच्छ दिसे, सुपाएवढा.

ज्यांचा हात बसला ते तळमजल्यावर राहिले. ज्यांचा बसला नाही ते वरच्या मजल्यावर गेले, संगणकावर आकडेमोड करायला. मुलींचा हात सहसा बसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तसं तोंडावर कुणी म्हणत नसे, सभ्य माणसं होती. मुली आपणच कधीतरी वही-पेन उचलून जिना चढत. वर अक्का त्यांची वाट बघत असत.

अक्का म्हणजे विभागातल्या पहिल्या प्राध्यापिका, आणि पुढे कितीतरी वर्षं एकट्याच. केस पांढरे, चष्मा गळ्यात, आणि टेबलाच्या खणात लिंबाच्या गोळ्या. जिना चढून आलेल्या मुलीचे डोळे ओले दिसले की त्या आधी गोळी द्यायच्या, मग खुर्ची. "बस गं. इथे हात नाही लागत, डोकं लागतं. ते तुला आहे." त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली पुढे मोठमोठ्या जागी गेल्या. मात्र त्यांतली एकही पुन्हा पेटीशी बसली नाही.

*

यंदा पाळी लवंगीची होती.

लवंगी हे नाव तिला विभागानं दिलेलं. चण लहान, आवाज मोठा, आणि आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिच्या परीक्षानळीनं असा बार काढला की शेजारच्या वर्गातलं व्याख्यान थांबलं. पोरगी मात्र जागची हलली नाही. चिमटा तसाच हातात धरून म्हणाली, "झालं, आता दमलं ते. पुन्हा नाही बोलायचं."

तिचे वडील घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर हातरुमालाएवढं दुकान. शाळा सुटली की लवंगी तिथल्या स्टुलावर चढून बसे, डोळ्याला भिंग लावी आणि केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यानं उचली. बाबा शेजारी श्वास धरून बघत. "जोर नको लावूस गं बयो," ते म्हणत. "ती काय पळून चाललीय? तिला वाटलं पाहिजे, मी माझ्याच पायांनी चाललेय." त्या हातांवर लवंगीचा भरवसा होता. इंग्रजीवर नव्हता, आवाजावर नव्हता, तिच्या स्वयंपाकावर तर बाबांचाही नव्हता. हातांवर मात्र होता.

आणि पेटीनं नेमका तोच भरवसा पोखरला होता.

तिनं एक नवा पदार्थ बनवला होता. बाटलीच्या तळाशी त्याचे इवले इवले स्फटिक धरले होते, मोराच्या मानेसारखे निळे. हवा लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत विटकरी होणार. त्यांतला एकच उचलायचा, केसासारख्या काचनळीत सरकवायचा, नळीचं तोंड मेणानं बंद करायचं. मग ती नळी पलीकडच्या इमारतीतल्या क्ष-किरणांच्या यंत्राकडे न्यायची. स्फटिकात कोणता अणू कुठे बसलाय, ते यंत्र सांगतं. ते कळलं की पदार्थाला जगात नाव मिळालं, आणि लवंगीला तळमजल्यावर जागा. पण पेटीत हात घातले की तिचे हात तिचे राहत नसत. नळ्या मोडल्या, स्फटिक सांडले, एकदा अख्खी बाटली लवंडता लवंडता राहिली.

मोठ्या सरांनी तिला खोलीत बोलावलं. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. मनानं मऊ, बोलायला घुमे. ते स्वतः पेटीवर बसले की आधी खिशातून लोकरीचे हातमोजे काढून चढवायचे आणि मग रबरी हातमोज्यांत हात घालायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा. सरांच्या हातांना थंडी सोसत नाही, रक्ताभिसरणाचं काहीतरी आहे, असं सगळे कळवळून सांगत. एका विद्यार्थ्यानं तर निरोपाच्या दिवशी त्यांना शेकायची पिशवी भेट दिली होती.

"शुक्रवारी यंत्रावर आपली पाळी आहे," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "तोवर स्फटिक नळीत गेला तर फारच छान. नाही तर सोमवारपासून वर, अक्कांकडे. त्यात कमीपणा काही नाही. हात ज्याचा त्याचा वेगळा असतो."

लवंगी 'हो सर' म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की सरांनी वर पाहिलं, ही तीच का म्हणून.

*

धाकट्या मॅडम यंदाच रुजू झाल्या होत्या. अक्का थोरल्या, म्हणून या धाकट्या. विभागात आता दोन बायका आहेत याचा सगळ्यांना इतका आनंद झाला, की प्रत्येक समितीवर एक बाई हवी म्हणत सगळ्या समित्यांवर त्यांनाच घेतलं. स्वागत समितीवरही घेतलं, त्यामुळे स्वतःचं स्वागत त्यांना स्वतःच करावं लागलं. पुष्पगुच्छही त्यांनीच आणला होता. चांगला होता, म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीकडे जाताना त्यांना जिन्यामागून गुणगुणणं ऐकू आलं. दार लोटलं तर लवंगी पेटीत खांद्यापर्यंत बुडालेली, आणि काचेशी नाक लावून गातेय:

काचेचं माझं घर, वाऱ्याला नाही दार
हात गेले सासरी, बोटांना झाला भार

"सासरी का गं?" मॅडमनी विचारलं.

लवंगी दचकली. आत चिमटा पडला. "मॅडम! ते आपलं उगाच. काम करताना काहीबाही जुळवते मी."

"जुळवलंय झकास. पण सासरी का?"

"आपलं काही चालत नाही ना तिथे." लवंगीनं उसासा टाकला. "माझी बोटं एकीकडे, हातमोज्याची बोटं तिसरीकडे. मी म्हणते उचल, तो म्हणतो बघू."

मॅडम काचेशी वाकल्या. हातमोज्याची टोकं रिकामी होती, केळं काढून घेतलेल्या सालीसारखी लोंबत होती. लवंगीची बोटं त्यांच्या निम्म्यातच कुठेतरी संपलेली. पडलेला चिमटा उचलायला ती ते रिकामं रबर आधी टेबलावर दाबून दुमडायची, मग त्या घडीनं चिमटा धरायची. दोन्ही हातांत पिशव्या असताना कडी काढावी तसं.

"सरक," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः हात घातले. मग बोटं हलवून पाहिली. "अगं बाई! हा हातमोजा आहे की उशीचा अभ्रा?"

"हात बसायला दोन वर्षं..."

"उशीच्या अभ्र्यात? जन्म जाईल." मॅडमनी हात बाहेर काढले. "मी आधी जिथे होते तिथे माझ्या हाताचा हातमोजा होता. मला वाटलं, सगळीकडेच असतो. या विभागात नवी आले आणि पेटीजवळ यायला वेळच नाही मिळाला गं. समित्यांतून उठले तर ना!" त्यांनी घड्याळात पाहिलं. "आजची बैठक राहू दे. चल भांडारात."

भांडार काका सांभाळत. दारात उभे राहिले की दार भरून जाई असा माणूस. मऊ बोलायचे आणि काचेच्या बरण्या अंडी उचलावीत तशा उचलायचे.

"काका, पेटीचे हातमोजे कोणत्या मापाचे मागवता?"

"पूर्वीप्रमाणे."

"पूर्वी म्हणजे?"

"त्याच्या पूर्वीप्रमाणे." काका विचारात पडले. "पार थोरल्या सरांपासून तसंच आहे बघा. कुणी तक्रारच केली नाही कधी."

"लहान माप मिळत नाही का?"

"मिळतं की. मागे एकदा चुकून लहानच आले होते. परत पाठवायचे राहून गेले." काकांनी वरच्या फळीवरून एक खोका काढला, झटकला. आत पावडर लावून नीट घडी घातलेली एक जोडी होती, अजून लवलवीत. "पण मॅडम, हे चुकीचे आहेत."

"चुकीचे कसे?"

"लहान आहेत ना."

"कुणाच्या मानानं, काका?"

  काकांनी खोक्यावरचं माप पुन्हा एकदा वाचलं आणि खोका मॅडमच्या हातात दिला.

*

मोठ्या सरांना मात्र ते पटेना.

"पेटीत आत्ता चौघांचं काम आहे. लवंगीचे स्फटिकही तिथेच आहेत. आपण हातमोजे दर सुट्टीत बदलतो, पेटी रिकामी करून. मध्येच बदलायला गेलो आणि हवा शिरली तर? आणि," त्यांनी खिशातले लोकरीचे हातमोजे उगाच चाचपले, "दोष हातमोज्याचा आहे हे कशावरून? हाताचाही असेल. पुरावा काय?"

पुरावा हा शब्द तोंडून गेला आणि सर फसले. धाकट्या मॅडमचा चेहरा असा उजळला की कुणी त्यांना सगळ्या समित्यांतून एकदम मोकळं केलंय असं वाटावं. "पुरावा ना? उद्या चहाच्या वेळी देते."

ही सगळी माणसं मिठाचा कण चौथ्या दशांशापर्यंत तोलणारी. पाण्यातलं पाणी मोजतील अशी. फक्त स्वतःचा हात त्यांनी कधी मोजला नव्हता.

बुधवारी चहाच्या टेबलावर, कपांच्या शेजारी, मॅडमनी एक तोटीचं काचेचं भांडं मांडलं आणि तोटीपर्यंत पाण्यानं काठोकाठ भरलं. तोटीखाली उंच मोजपात्र. "मनगटापर्यंत हात बुडवायचा. जेवढा हात, तेवढं पाणी सांडेल. पाणी खोटं बोलत नाही आणि वशिलाही मानत नाही." पहिल्यांदा त्यांनी जुन्या मापाचा हातमोजाच पाण्यानं मनगटापर्यंत भरला आणि ते पाणी मोजपात्रात ओतलं. जिथवर पाणी चढलं तिथे लाल पट्टी चिकटवली. "आता या एकेक जण. लाल पट्टी गाठेल त्याला माझ्याकडून चहा."

फुकटचा चहा म्हटल्यावर रांग लागली. लवंगीनं आधी हात बुडवला. पाणी लाल पट्टीच्या कितीतरी खाली थांबलं. तिथे निळी पट्टी लागली. "बघितलंत?" कुणीतरी म्हणालं. "हात लहानच आहे." लवंगी खाली मान घालून हात पुसत बाजूला झाली.

मग पैलवान आला. लवंगीच्याच बरोबरीचा संशोधक, सकाळ-संध्याकाळ व्यायाम करणारा, ज्याच्याशी हात मिळवायला लोक दोनदा विचार करत. त्यानं बाही मागे सारून, सगळ्यांकडे एकदा बघून हात बुडवला. पाणी सांडलं, थांबलं. लाल पट्टी अजून लांबच होती.

"अरे पैलवाना! एवढाच?"

"मॅडम, दंड मोजायचा ना! हात कसला मोजताय?" पैलवान लाल झाला. रांगेत हशा पिकला. हसू ओसरल्यावर तो कान खाजवत म्हणाला, "खरं सांगू? मी बोटांच्या टोकांत कापूस कोंबतो."

"तू पण?" मागून एक जण ओरडला. "मी मनगटाला रबरबँड लावतो!"

"मी तर बोटांना चिकटपट्टी गुंडाळून जातो. सगळ्यांना सांगतो, घरी भाजी चिरताना कापलं."

"म्हणून तुझ्या घरी रोज भाजी चिरतात होय!"

एकामागून एक पट्ट्या चिकटत गेल्या आणि एकामागून एक गुपितं बाहेर पडत गेली. प्रत्येकाला इतके दिवस वाटत होतं की खोट आपल्या एकट्यातच आहे. म्हणून प्रत्येक जण ती लपवून, दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून, दोन वर्षांचं वाक्य पुढे ढकलत आला होता. हसण्याचा आवाज वर पोचला आणि अक्का चष्मा सावरत जिना उतरून आल्या. त्या दारापाशीच उभ्या राहिल्या.

त्यांच्या मागून मोठे सरही आले, गोंगाट कसला बघायला.

"सर, तुम्ही पण!" सगळे एकदम म्हणाले.

"छे, मी कशाला? माझे हात गारठतात."

"पाणी कोमट करते, सर," मॅडम म्हणाल्या आणि खरंच किटलीतलं थोडं गरम पाणी मिसळलं.

सुटका नव्हती. सरांनी हळूच हात बुडवला. पाणी सांडलं आणि थांबलं. मॅडमनी सरांसाठी पिवळी पट्टी काढून ठेवली होती, पण ती चिकटवायला जागाच नव्हती. पाणी बरोब्बर लवंगीच्या निळ्या पट्टीवर थांबलं होतं.  चहा निवत गेला.

सरांनी हात पुसला. मग खिशातून लोकरीचे हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"मला थंडीबिंडी काही वाजत नाही," ते म्हणाले. "हे माझ्या ताईनं विणून दिलेत. शिकत होतो तेव्हा एकदा घरी गेलो आणि तिच्यासमोर रडलो, की माझे हात या कामाचे नाहीत. तिनं नुसतं विचारलं, हातमोजा केवढा आहे? आणि माप घेऊन आतून घालायला हे करून दिले. लोकरीनं रबर भरतं खरं. पण बोटांना काही कळत नाही. म्हणून मी मोठाले, दगडासारखे स्फटिक वाढवायला शिकलो, की जे आंधळ्यालाही उचलता येतील. लोक म्हणाले, काय चिकाटी, काय स्फटिक!" ते हसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं हसू आधी डोळ्यांत आलं. "मलाही वाटलं, आपल्यातच काही कमी आहे. ते कुणाला कळायला नको."

"सर, ती शेकायची पिशवी..." पैलवानानं विचारलं.

"आहे अजून. गुडघ्याला वापरतो."

पुन्हा हशा उसळला, पण मध्येच विरला. अक्का पुढे आल्या होत्या. त्यांनी बांगडी वर सारली आणि कुणाला न विचारता हात पाण्यात घातला. अगदी थोडं पाणी सांडलं. पट्टी सगळ्यांत खाली लागली. अक्का त्या पट्टीकडे बघत राहिल्या.

"थोरल्या सरांनी मला सांगितलं होतं, दोन वर्षं धीर धर," त्या म्हणाल्या. "मी तीन धरला. मग म्हटलं, राहू दे बाई, तुझ्या हातात नाही ते." त्यांनी ओला हात पदराला पुसला. "आणि ज्या मुली आल्या, त्यांनाही मी तेच सांगत गेले. गोळी देऊन."

लवंगीनं नकळत त्यांची बाही धरली.

अक्का मोठ्या सरांकडे वळल्या. सर एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेले, हे नव्या मुलांना ठाऊक नव्हतं. म्हणून अक्का जे बोलल्या त्यानं मुलांचे डोळेच विस्फारले. "काय रे, पुरावा हवा होता ना तुला? मिळाला? मग बदल की ते हातमोजे! बघतोयस काय?"

"हो अक्का," विभागप्रमुख म्हणाले.

*

गुरुवारी सकाळी सगळा विभाग जिन्यामागच्या खोलीत दाटला. हातमोजा बदलणं म्हणजे चालत्या घराचं दार बदलणं. नवा हातमोजा बाहेरून, जुन्याच्या वरूनच, भोकाच्या त्याच कडीवर ताणून बसवायचा. दोन्हींच्या मधली हवा काढून तिथे नायट्रोजन सोडायचा. मग दुसरा हात पेटीत घालून, आतल्या बाजूनं जुन्याची कड सोडवायची आणि त्याला आत ओढून घ्यायचं. चुकलं तर सगळी हवा आत. पेटीच्या मध्यभागी लवंगीची बाटली होती, झाकण गच्च लावलेली, तरी निळी दिसत होती. लवंगी पेटीकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या काट्याकडे बघत होती. आत किती हवा शिरली ते तो काटा सांगायचा.

सरांनी उजवा नवा हातमोजा बसवला. हात सराईत होता. नायट्रोजन फुसफुसला. मग त्यांनी डाव्या जुन्या हातमोज्यात हात घातला. आज आत लोकर नव्हती, आणि ते पलीकडे वाकून कड चाचपू लागले. रिकामी टोकं कडीवरून घसरायची. पुन्हा धरायचे, पुन्हा घसरायची. काटा किंचित हलला.

"पोचत नाहीय," सर दातांत ओठ धरून म्हणाले. "बोट पोचतं, पण पकड येत नाही."

काटा आणखी एक घर चढला. लवंगीनं डोळे मिटले.

"काका!" धाकट्या मॅडम ओरडल्या. "काका कुठायत?"

काका दारात होते, नेहमीप्रमाणे दार भरून. "मी? मॅडम, मी पेटीला कधी बोट लावलं नाही."

"म्हणूनच! या लवकर. सर, तुम्ही हात काढा."

काकांनी बाही गुंडाळली आणि डाव्या हातमोज्यात हात घातला. तो हात आत असा भरला की रबरावर एक सुरकुती उरली नाही. थोरल्या सरांनंतर पहिल्यांदाच तो हातमोजा कुणाच्या तरी मापाचा निघाला होता. काकांनी कड दोन बोटांत धरली, आणि बरणीचं झाकण काढावं तशी अलगद सोडवून आत ओढली. जुना हातमोजा फटकन पेटीत आडवा पडला. नवा फुगून बाहेर आला.

काटा थबकला. थरथरला. आणि एकेक घर खाली उतरू लागला.

"पेटी तुमच्याच मापाची होती की काका!" पैलवान ओरडला. "तुम्हीच पीएचडी करून टाका!"

"नको रे बाबा. मग भांडार कोण बघणार? तू? तू तर सगळा कापूस संपवशील."

डाव्या बाजूच्या वेळी काकांची गरज लागली नाही. लवंगीनं उजव्या, नव्या हातमोज्यात हात घातला. बोटं टोकापर्यंत गेली आणि तिथे थांबली, जिथे थांबायला हवी होती तिथे. तिनं अंगठा तर्जनीला लावून पाहिला. मग मधल्या बोटाला. मग चुटकीसरशी जुन्याची कड सोडवली.

"थांबायचं नाही आता," सर म्हणाले. "हात गरम आहे तोवर घे."

तिनं बाटली उघडली. नळी डाव्या हातात, सुई उजव्या हातात. खोली एवढी शांत झाली की कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. ते ऐकून लवंगीचे खांदे सैल झाले. तिनं सगळ्यांत सुबक खडा निवडला, राईच्या निम्म्याएवढाही नसेल. सुईनं त्याला हळूच हटकलं. जोर लावला नाही. त्याला वाटू दिलं, की तो आपल्याच पायांनी चाललाय. खडा नळीच्या तोंडाशी आला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि आत घरंगळला. मेणाचा थेंब लागला. नळी बंद. आत निळाईचा एक ठिपका, जसाच्या तसा.

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. अक्का टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या नाक पुसत होत्या.

लवंगी वळली. "सर, मग सोमवारी मी वर जाऊ ना?"

"सोमवारी?" सरांनी गंभीर चेहरा केला. "सोमवारी काकांबरोबर बसून सगळ्या मापांची मागणी लिहायची आहे. आणि पेटीही पुसायला हवी. तू गेलीस तर इथलं कोण बघणार?"

"सर, एक विचारू? ते लोकरीचे आता लागणार नाहीत ना तुम्हाला?"

सरांनी खिसा चाचपला. "का गं?"

"चहाची किटली फार तापते."

त्या दिवसापासून ते हातमोजे किटलीच्या दांड्याशी लटकू लागले. ताईंना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच विचारलं म्हणे, "अरे, मग इतकी वर्षं काय करत होतास?"

शुक्रवारी नळी यंत्राकडे गेली. लवंगी स्वतः घेऊन गेली, दोन्ही हातांच्या ओंजळीत, दिवा नेतात तशी. ती परत आली तर खोलीत दिवा होता आणि पेटीसमोरच्या उंच स्टुलावर अक्का बसल्या होत्या. एकट्याच. चष्मा डोळ्यांवर, दोन्ही हात आत. आत काहीच नव्हतं, एक रिकामी बाटली आणि एक चिमटा. अक्का बाटलीचं झाकण काढत होत्या, लावत होत्या. पुन्हा काढत होत्या.

लवंगीनं पावलं न वाजवता फळ्याजवळ जाऊन खडू उचलला. पेटीवर कोणाची पाळी कधी, ते त्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. "अक्का, सोमवार सकाळ मोकळी आहे. तुमचं नाव लिहू?"

"माझं कसलं नाव लिहितेस? या वयात!" अक्का काचेकडे बघतच म्हणाल्या. हात मात्र बाहेर काढले नाहीत. मग झाकण पुन्हा लावता लावता म्हणाल्या, "सकाळ नको. सकाळी माझा तास असतो. दुपार लिही. आणि शेजारी तू बस हो. मला गाणं पाहिजे."

खडू फळ्यावर करकरला. लवंगीनं नाव लिहिलं आणि जुनीच ओळ धरली, पुढची मात्र नवी होती:

काचेचं माझं घर, वाऱ्याला नाही दार
हात आले माहेरी, उतरला सारा भार